डावीकडची वाढीव रांग

४ मार्च, सोमवार

ठोंब्या,

घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू आधी वाईटच मनात आणणार, म्हणून आधीच सांगून टाकते.

मला एक साधी माहिती हवी आहे. तू जाताना नेपोलियनच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीची नियमपुस्तिका घेऊन गेलास. नाही म्हणू नकोस. नकाशा सोडून गेलास, सोंगट्या सोडून गेलास, चांगला उबदार स्वेटर सोडून गेलास आणि ती चोवीस पानांची पुस्तिका तेवढी नेलीस. घोडदळाच्या पाठलागाबद्दल तीत काय लिहिलंय ते कळव. जिंकलेल्या घोडदळाने पुढच्या घरात घुसायलाच हवं, की मर्जी असेल तर घुसायचं? पहिल्या आवृत्तीत घुसायलाच हवं. तिसऱ्या आवृत्तीत त्यासाठी फासा टाकायचा, त्यात सेनापतीचा आकडा मिळवायचा, त्यातून चिखलाचा आकडा वजा करायचा. तोवर शत्रू घरी जाऊन जेवून झोपलेला असतो.

हो, तिसरी आवृत्ती निघाली आहे आणि मी ती आणली आहे. नऊ वर्षांनी ताईला हा खेळ कुठून आठवला, असं तू विचारणार नाहीस, पण मी सांगतेच.

अप्पांच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चाललाय. डावा जवळजवळ गेला. उजव्याने अजून चार-सहा महिने छापील अक्षर दिसेल, पुढचं डॉक्टर सांगत नाहीत. आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक नाकावर ज्यांनी चष्मा बसवला, त्यांना आता दुकानातली एकही काच उपयोगाची नाही. मी रोज त्यांच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांच्या कानामागच्या काड्या वाकवते आणि ते मागच्या खोलीतून ओरडतात, "उजवी जरा सैल ठेव!" न बघता ओरडतात. बरोबरच ओरडतात, हा आणखी वैताग.

मी त्यांना विचारलं, नजर आहे तोवर काय बघायचंय? समुद्र? डोंगर? तर म्हणाले, "एक डाव मांडू या."

माझ्याशी! मला या घरात आजवर कुणी "तू खेळतेस का" असं विचारलं नव्हतं. फासा टेबलाखाली गेला की शोधायचा, चहा आणायचा, आणि तुम्ही दोघं नियमावरून हमरीतुमरीवर आलात की पुस्तिकेतलं पान काढून द्यायचं, एवढीच माझी नेमणूक. नियम मात्र तुम्हा दोघांपेक्षा मलाच जास्त पाठ होते.

तर पाठलागाचं कळव. हे पत्र लिहिल्याचं अप्पांना माहीत नाही.

ताई


२१ मार्च, गुरुवार

ठोंब्या,

तुझं उत्तर मिळालं. "पाठलाग ऐच्छिक. पान अकरा, तिसरा परिच्छेद." नऊ वर्षांत बहिणीला लिहिलेली एक ओळ, आणि तीसुद्धा पान क्रमांकासकट! गोदीत लोखंड जोडून जोडून तुझं मन पण लोखंडाचं झालं, असं म्हणून मी पत्र टेबलावर आपटणार होते. मग खाली दुसऱ्या शाईत लिहिलेलं दिसलं. "डाव्या डोळ्याने नेमकं किती दिसतं?"

ती दुसरी शाई बघून मी जरा वेळ दुकानाचं दार लावून घेतलं. डाव्याने तक्त्यावरची सगळ्यात वरची ओळ, तीही हातभर अंतरावरून. उजव्याने चौथी.

आता आवृत्त्यांचं. तुला रस असेल असं समजून लिहिते, नसेल तर हा भाग गाळून वाच.

कुठली आवृत्ती त्यांना झेपते ते बघायला मी अप्पांना सरळ तपासणीच्या खुर्चीत बसवलं. दिवा डावीकडून, सोंगटी वाचायच्या अंतरावर, एक डोळा झाकून, अगदी गिऱ्हाइकासारखं. पहिली आवृत्ती म्हणजे ती जुनी पेटी. कुणी एक गिऱ्हाईक दुकानात विसरून गेलं, अप्पांनी सहा महिने वाट बघितली आणि मग उघडली, ती. नकाशा पातळ कागदाचा, रंग धुऊन गेलेल्या कपड्यासारखे, सोंगट्या करंगळीच्या नखाएवढ्या. मला वाटलं यात काही दिसणार नाही. पण अप्पा धडाधड वाचायला लागले. "घोडदळ, चार-सहा. तोफा, तीन-दोन." मी खूश! मग सहज एक सोंगटी उलटी, कोरी बाजू पुढे करून धरली. "पायदळ, पाच-चार," अप्पा म्हणाले. कुठल्या क्रमाने मी डब्यातून काढते ते त्यांना पाठ आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी म्हटलं, "अप्पा, हे गिऱ्हाइकांनी केलं की तुम्ही रागवायचात." ते म्हणाले, "गिऱ्हाइकं का करतात ते आता कळलं."

दुसरी आवृत्ती, तू त्यांच्या वाढदिवसाला आणलेली. नकाशा देखणा, पण गुळगुळीत. दिव्याचा उजेड त्यावर असा चमकतो की त्यांना नदीच्या जागी पांढरा डाग दिसतो. तिसरीच्या सोंगट्या बिस्किटाएवढ्या, आकडे ठळक, पण एक बाजू निळी आणि दुसरी गडद हिरवी. अप्पांना दोन्ही काळ्या दिसतात. शिवाय नियमांची साठ पानं. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाले, "हे संपेपर्यंत नेपोलियन बेटावर जाऊन मरेल. पहिलीचेच नियम."

शेवटी मी खिचडी केली. सोंगट्या तिसरीच्या, हिरव्यांवर पिवळा कागद डकवून. नियम पहिलीचे. आणि नकाशाही पहिलीचा, छपाईवाल्याकडून दुप्पट मोठा करून आणणार आहे. तोवर आम्ही आहे त्यावर खेळतोय. अप्पा अर्थातच नेपोलियन. तीन डाव हरले मी. आंधळा होत चाललेला माणूस मुलीला एक डाव सोडेल, या आशेवर राहू नये.

काल मी पाणचक्कीपाशी अडकले होते. (ते गाव. खरं नाव कुणालाच उच्चारता यायचं नाही, म्हणून आपण पाणचक्की म्हणायचो.) अप्पांनी नदीच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ठोंब्या असता तर इथून घोडे घातले असते त्याने. वेड्यासारखे. आणि जमलं असतं." नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं. मी फासा टाकला आणि मुद्दामच खाली पाडला, म्हणजे टेबलाखाली जाऊन तोंड लपवता येईल.

उजव्याने चौथी ओळ. तीन महिन्यांपूर्वी पाचवी होती. मी तुला ये म्हणत नाहीये. पण ओळी वरून मोजतात, हे तुला माहीत आहे.

ताई


६ एप्रिल, शनिवार

ठोंब्या,

तुझी पुस्तिका पोचली. तू ती पाठवशील असं वाटलं नव्हतं. कोपरे दुमडलेले, पाठलागाच्या पानावर तेलाचा डाग. म्हणजे तू ती अधूनमधून काढून वाचतोस. कुणाशी खेळतोस तिथे? लिहिलं नाहीस तरी चालेल.

छपाईवाल्याकडे गर्दी होती. त्याचं यंत्र नवीन आहे. दुकानात चार चष्मे तयार होऊन पडलेत आणि न्यायला कुणी येत नाही. समोरच्या शिंप्याला आता दोन नंबरची काच पुरत नाही, पण तो तीन नंबर लावून घ्यायला तयार नाही, त्यामुळे माझ्या नव्या झग्याची एक बाही दुसरीपेक्षा मोठी झाली.

मी टाळतेय. तुला कळलंच असेल. लिहिते.

जुन्या नकाशाचा नदीकडचा कोपरा फाटलाय, तिथल्या घरांचे आकडे गेलेत. मोठा करून आणलेल्या नकाशावर ते हाताने भरावे म्हणून मी कपाटातून तुझ्या दुसऱ्या आवृत्तीचा नकाशा काढला आणि दोन्ही शेजारी पसरले. पाणचक्की जुन्यावर चौदाव्या रांगेत आहे. नव्यावर पंधराव्या. मला वाटलं माझीच नजर चुकली. पूल बघितला. तेरा, चौदा. लांबट जंगल, देऊळ, तिठा, सगळं एकेक पुढे. मग कळलं. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी टेकडीचा पूर्ण उतार दाखवायला डावीकडे एक उभी रांग वाढवली आहे. म्हणून सगळे आकडे एकाने वाढलेत.

तुला आठवतं, तुझा नकाशा डाव अर्ध्यावर असताना आला. रविवारी अप्पांनी जुन्या नकाशावरून प्रत्येक सोंगटीच्या घराचा आकडा वहीत उतरवून घेतला, मग तुम्ही दोघांनी गावं-पूल बघत बघत सोंगट्या नव्या नकाशावर हलवल्या. टेबलाला कुणी हात लावायचा नाही, पुढच्या रविवारी पुढे खेळायचं. त्याच आठवड्यात तू सांगितलंस की दुकानात बसणार नाहीस, गोदीत वेल्डरचं काम धरणार. घरात सगळे पाय आपटत चालत होते.

मंगळवारी मी त्या खोलीची फरशी पुसली आणि वाळायला खिडकी उघडली. पडदा फुगून टेबलावरून फिरला. नदीकडच्या कोपऱ्यातल्या अकरा सोंगट्या खाली.

अप्पांना सांगायची हिंमत झाली नाही. त्या आठवड्यात कुणाचीच झाली नसती. मी वही उघडली आणि एकेक आकडा बघून अकराही सोंगट्या परत मांडल्या. दोनदा तपासल्या. मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं! वही जुन्या नकाशाची आणि टेबलावर नकाशा नवा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अकराही एक घर डावीकडे बसल्या. दहांना काही फरक पडला नाही, त्या मोकळ्या शेतात होत्या. अकरावी तुझं घोडदळ. ते नदीच्या अलीकडे होतं, ते पलीकडे गेलं. अप्पांच्या तोफांच्या थेट पाठीशी.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. अप्पा म्हणाले, "हे कधी पोहून गेलं?" तू म्हणालास, "मी हात लावलेला नाही." ते म्हणाले, "सोंगट्या सरकवणाऱ्याच्या हातात मी दुकान द्यायला निघालो होतो." आणि तू म्हणालास, "कुणी मागितलंय तुमचं दुकान?"

मी दारात उभी होते. चहाचा ट्रे हातात.

आता खरं सांगायचं ते हे. मी गप्प बसले ते भीतीने, असं तुला वाटेल. तेवढंच असतं तर बरं होतं. मी गप्प बसले कारण मला खात्री होती. मी सोंगट्या आकड्याबरहुकूम मांडल्या होत्या, मग घोडदळ पलीकडे कसं गेलं? म्हणजे मी मांडल्यानंतर कुणीतरी हलवलं. म्हणजे तू. ठोंब्या, मी नऊ वर्षं तुला लबाड समजत आले. तुझी बाजू घ्यायचे मनात, म्हणायचे, एक सोंगटी सरकवली त्यात काय एवढं, पोरगाच होता. वाढदिवसाची कार्डं पाठवताना मी तुला माफ करत असायचे. तू काही केलंच नव्हतंस आणि मी वरून माफ करत होते! काल रात्रभर मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

तू म्हणाला होतास, "मी हात लावलेला नाही." या घरात दोन माणसं होती आणि दोघांपैकी एकानेही विश्वास ठेवला नाही.

अप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. तुला आधी सांगायला हवं होतं.

ताई


२५ एप्रिल, गुरुवार

ठोंब्या,

तुझं उत्तर नाही. यायलाच हवं असं नाही.

अप्पांना सांगितलं. दोन्ही नकाशे त्यांच्यापुढे ठेवले, त्यांचं बोट धरून पाणचक्कीवरून फिरवलं, आकडे मोठ्याने वाचले. पडदा, फरशी, अकरा सोंगट्या, सगळं. मला वाटलं ओरडतील. वाटलं रडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला (कशासाठी पुसतात देव जाणे), परत घातला आणि म्हणाले, "पहिला नकाशाच बरा होता. उगाच रांगा वाढवतात." आणि उठून आत गेले.

मी इतकी चिडले! म्हटलं, "अप्पा, मुलगा गेला तुमचा यापायी, आणि तुम्ही रांगेचं बोलता?" दुसऱ्या दिवशी डाव मांडला तर म्हणाले, नको. तेव्हापासून टेबल तसंच आहे.

आता ते दुपारभर मागच्या खोलीत काहीतरी करत बसतात. मी गेले की हात थांबतो. परवा बघते तर पुठ्ठा आणि कात्री घेऊन बसलेले. मी कात्री काढून घेतली, बोट कापून घेतील म्हणून. त्यांनी मागितली नाही परत, पण संध्याकाळी दुकानातली दुसरी कात्री जागेवर नव्हती.

आधीच्या एका पत्रात मी तुला ये म्हणत नाही असं लिहिलं होतं. खोटं होतं ते. पाठलागाच्या नियमाचं तरी मला काय अडलं होतं? पहिल्याच पत्रापासून तू यावंस म्हणूनच लिहितेय. फक्त मला वाटत होतं की तुझी चूक पोटात घालून मी तुला बोलावतेय. आता बोलवायचा हक्कही राहिला नाही, तरी बोलावते.

परवाच्या तपासणीत उजवा तिसऱ्या ओळीवर आला.

ताई


२९ एप्रिल. सोमवार असावा.

ठोंब्या,

आशीर्वादाचा मायना लिहीत नाही. एका पानावर चारच ओळी मावतात. मधे खिडकी कापलेला पुठ्ठा कागदावर ठेवून त्या खिडकीत लिहितो आहे. अशा गिऱ्हाइकांना आपण हा पुठ्ठा फुकट करून द्यायचो, तुला आठवत असेल. ओळ ओळीवर चढली तर समजून घे. पत्ता शिंप्याकडून लिहून घेतला आहे. ताईला सांगू नकोस.

ती म्हणते चूक तिची. तिचं ऐकू नकोस.

भांडण रविवारी झालं. सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी वही घेऊन टेबलापाशी बसलो. तेव्हा माझे डोळे चांगले होते. तुझं घोडदळ बघितलं. मग शेजारची सोंगटी बघितली. मग तिच्या शेजारची. त्या कोपऱ्यातल्या अकराच्या अकरा एक घर डावीकडे होत्या. लबाडी करणारा माणूस एक सोंगटी सरकवतो. अकरा सरकवत नाही, आणि त्यातल्या पाच माझ्याच नाही सरकवत. म्हणजे त्या पडल्या होत्या आणि कुणीतरी वही बघून परत मांडल्या. घरात इतकं नेटकं काम करणारं माणूस एकच आहे. मी दोन्ही नकाशे लावून बघितले. पाच मिनिटांत कळलं.

तू बुधवारी दुपारच्या गाडीने गेलास.

सोमवार, मंगळवार आणि बुधवारची सकाळ तू याच घरात होतास. मंगळवारी आपण समोरासमोर जेवलो. मी मीठ मागितलं नव्हतं, तरी तू माझ्याकडे सरकवलंस. मी घेतलं. बोललो नाही.

का, ते मी नऊ वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. माझं चुकलं म्हणालो असतो तर तू हसला असतास आणि हसत हसत गोदीवर गेला असतास. मला वाटलं, रागावलेला पोरगा भांडायला तरी थांबतो. थांबला नाहीस. मग चुकलं म्हणायला तू समोर नव्हतास, आणि कागदावर म्हणायला मला लाज वाटली. ताईला कळू दिलं असतं तर तिने स्वतःला खाल्लं असतं, असं कारण मी शोधून ठेवलं होतं. ते कारण सोयीचं होतं. आता ती तेच करते आहे.

तू सोंगटी हलवली नव्हतीस. मला माहीत होतं. सोंगट्या सरकवणारा म्हणालो ते माझं चुकलं.

यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा गैरसमज नको. मी ज्याच्याकडे सरळ बघतो ते मला आता दिसत नाही, तिथे नुसता करडा डाग असतो. जरा बाजूला बघितलं की कडेने दिसतं. तेव्हा तू दारात उभा राहशील आणि मी भिंतीकडे तोंड फिरवीन. निघून जाऊ नकोस. मी तुझ्याकडे बघत असेन.

अप्पा